पुरावा फोनमध्ये आहे, सही कुणाची आणायची?

मोबाइलमधला पुरावा कोर्टात चालतो का, हा प्रश्न आता जवळपास प्रत्येक घरात कुणी ना कुणी कधीतरी विचारलेला असतो. नवऱ्याने रात्री पाठवलेल्या धमक्या, मालकाची "पुढच्या महिन्यात नक्की देतो" म्हणणारी व्हॉइस नोट, उसने पैसे घेतल्याची चॅटमधली कबुली, जिन्यातल्या कॅमेऱ्यात दिसलेली मारहाण. उत्तर सरळ आहे, चालतो, २००० सालापासून कायद्यात तशी सोय आहे. पण चालवून घ्यायची जी अट आहे ना, म्हणजे पुराव्यासोबत सही केलेलं सर्टिफिकेट द्यायची, तिचं ओझं चुकीच्या माणसाच्या डोक्यावर ठेवलंय आणि १ जुलै २०२४ पासून नव्या साक्ष्य अधिनियमाने ते आणखी वाढवलंय असं माझं स्पष्ट मत आहे. ज्याच्याकडे फक्त एक फोन आहे त्याला आपण कागदांच्या मागे पळवतोय, आणि ज्यांच्या ताब्यात सर्व्हर आहेत, कॅमेरे आहेत, जप्त केलेले लॅपटॉप आहेत त्यांना मात्र फार कमी प्रश्न विचारतोय.

आधी हे आलं कुठून ते बघू. १८७२ च्या पुरावा कायद्यात टेपरेकॉर्डर असण्याचा प्रश्नच नव्हता, तरी टेप कोर्टात आल्या तेव्हा कोर्टांनी मार्ग काढलाच. आर. एम. मलकानी हे मुंबईचे कॉरोनर (संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारे अधिकारी) होते, त्यांच्यावर लाच मागितल्याचा खटला होता, फोनवरचं बोलणं लाचलुचपतवाल्यांनी एका बाजूच्या संमतीने टेप केलेलं. सुप्रीम कोर्टाने तेव्हा लावलेल्या कसोट्या कुणालाही कळतील अशा होत्या: बोलणं खटल्याशी संबंधित पाहिजे, आवाज कुणाचा ते ओळखता आलं पाहिजे आणि टेपमध्ये काही पुसलेलं-जोडलेलं नाही याची खात्री पटली पाहिजे. तीन प्रश्न, आणि तिन्ही खरेपणाबद्दलचे.

मग २००० मध्ये माहिती तंत्रज्ञान (आयटी) कायदा आला आणि त्याने पुरावा कायद्यात ६५-ए आणि ६५-बी ही कलमं घातली. ६५-बी म्हणजे कॉम्प्युटरमधून काढलेली प्रत (प्रिंट, सीडी, पेन ड्राइव्ह वगैरे) कोर्टात द्यायची असेल तर सोबत एक सर्टिफिकेट द्या, की हे अमुक मशीनमधून निघालंय, मशीन नीट चालत होतं, नेहमीच्या वापरात होतं. हे कलम आपण ब्रिटनच्या १९६८ च्या सिव्हिल एव्हिडन्स ॲक्टवरून जवळजवळ जसंच्या तसं उचललं. गंमत नाही, गंभीर गोष्ट आहे ही, कारण ब्रिटनने ती तरतूद १९९५ मध्ये काढून टाकली होती आणि आपण ती २००० मध्ये आणली. १९६८ चा कॉम्प्युटर म्हणजे एखाद्या ऑफिसातलं कपाटाएवढं यंत्र, त्याचा एक ठरलेला ऑपरेटर, एक जबाबदार अधिकारी. त्या अधिकाऱ्याची सही मागणं समजू शकतं. प्रत्येकाच्या खिशात कॉम्प्युटर असलेल्या देशाला तोच साचा लावला की काय होतं ते गेली वीसेक वर्षं दिसतंय.

सुप्रीम कोर्टाचंच बघा ना. २००५ मध्ये संसदेवरच्या हल्ल्याच्या खटल्यात कॉल रेकॉर्डबद्दल म्हटलं की सर्टिफिकेट नसलं तरी दुसऱ्या मार्गाने सिद्ध करता येईल. २०१४ मध्ये केरळमधल्या एका निवडणूक याचिकेत (अन्वर विरुद्ध बशीर) म्हटलं, नाही, सर्टिफिकेट पाहिजेच, आणि प्रचारातली गाणी-भाषणं असलेल्या सीडी बाद झाल्या. २०१८ मध्ये दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने सांगितलं की ज्याच्या ताब्यात मशीनच नाही त्याच्याकडून सर्टिफिकेट कसं मागणार, न्यायासाठी सूट देता येईल. २०२० मध्ये तीन न्यायमूर्तींनी ते चुकीचं ठरवलं आणि परत २०१४ ची भूमिका पक्की केली. आता खालच्या कोर्टात या काळात ज्यांचे खटले उभे होते त्यांचा विचार करा, ज्या वर्षी तुमची साक्ष झाली त्या वर्षीचा नियम तुम्हाला लागला आणि अपिलात वेगळाच.

२०२० चा तो निकाल आपल्या जालन्याचा आहे, आणि त्यात सगळं दुखणं एका जागी दिसतं म्हणून थोडं सविस्तर सांगतो. २०१४ च्या विधानसभेला अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. हरलेले कैलास गोरंट्याल हायकोर्टात गेले, मुद्दा असा की २७ सप्टेंबरला, शेवटच्या दिवशी, खोतकरांचा उमेदवारी अर्ज दुपारी ३ ची मुदत उलटून गेल्यावर दाखल झाला. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या ऑफिसात व्हिडिओ कॅमेरे चालू होते. म्हणजे खरं तर वादच नको, रेकॉर्डिंग लावा आणि बघा की किती वाजले होते. पण रेकॉर्डिंगची सीडी आली की ६५-बीच्या सर्टिफिकेटची अट आली, ते द्यायचं निवडणूक अधिकाऱ्यांनी, आणि त्यांच्याकडे पुन्हा पुन्हा मागूनही ते काही मिळालं नाही. शेवटी औरंगाबाद खंडपीठाने त्या अधिकाऱ्याची कोर्टातली साक्षच पुरेशी धरली आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये निवडणूक रद्द ठरवली. सुप्रीम कोर्टात ती साक्ष सर्टिफिकेटच्या जागी चालणार नाही असं ठरलं, पण गोरंट्याल यांनी सर्टिफिकेट मागण्याचे सगळे प्रयत्न केले होते, अशक्य गोष्ट कायदा कुणाकडून मागत नाही, आणि बाकीचा पुरावाही आहे, म्हणून निवडणूक रद्द हाच निकाल कायम राहिला. तारीख होती १४ जुलै २०२०. तोपर्यंत त्या विधानसभेची पाच वर्षं संपली होती, २०१९ ची निवडणूक झाली होती आणि तीत गोरंट्याल स्वतःच निवडून आले होते.

ज्याच्यामागे पक्ष आहे, नामांकित वकील आहेत, त्याला सरकारी ऑफिसातून एक सही मिळवता आली नाही. मग चाळीतल्या बाईने जिन्यातल्या कॅमेऱ्याचं फुटेज सोसायटीच्या सेक्रेटरीकडून सहीसकट कसं आणायचं, आणि तो सेक्रेटरी नवऱ्याचा मित्र असेल तर? निकालात म्हटलंय की सही देत नसेल तर कोर्टाकडे अर्ज करा, कोर्ट आदेश देईल. बरोबर आहे. पण अर्ज म्हणजे एक तारीख, समोरच्याचं म्हणणं म्हणजे दुसरी तारीख, आदेश म्हणजे तिसरी, आणि डीव्हीआर (कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग साठवणारं यंत्र) कुणासाठी थांबत नाही, हार्ड डिस्क भरली की जुनं रेकॉर्डिंग आपोआप पुसून वर नवं चढतं.

आता भारतीय साक्ष्य अधिनियम. जुना पुरावा कायदा गेला, ६५-बीच्या जागी कलम ६३ आलं आणि सर्टिफिकेटचा नमुना कायद्याला जोडून दिलाय, भाग अ आणि भाग ब. भाग अ ज्याने पुरावा दाखल केला त्याने भरायचा. त्यात यंत्राचा प्रकार, मेक, मॉडेल, रंग, सीरियल नंबर, आयएमईआय किंवा मॅक ॲड्रेस (त्या यंत्राची ओळख सांगणारे क्रमांक), आणि मग फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे तिची ओळख पटवणारा क्रमांक, कुठल्या पद्धतीने काढली तेही, एसएचए-१, एसएचए-२५६, एमडी-५ की अजून काही, वर हॅशचा रिपोर्ट जोडायचा. भाग ब तज्ज्ञाने भरायचा, त्यानेही हॅश लिहायची आणि सही करायची. म्हणजे आधी एक सही होती, आता दोन. हा तज्ज्ञ कोण, सरकारने अधिसूचित केलेला परीक्षकच पाहिजे की खासगी सायबर तज्ज्ञ चालेल, की कॉम्प्युटर शिकलेला कुणीही चालेल, ते त्या कलमात स्पष्ट लिहिलेलं नाही. फॉरेन्सिक लॅब पोलिसांच्या केसेससाठी, कोर्टाने पाठवलेल्या मुद्देमालासाठी. पोटगीच्या अर्जात दहा मेसेज दाखवायचे असतील तर त्या बाईने कुणाचं दार वाजवायचं?

हॅश ही कल्पना स्वतः उत्तम आहे, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. फाइलवर एक गणित चालवलं की ठराविक लांबीचा आकड्या-अक्षरांचा क्रमांक मिळतो, फाइलमधला एक बिट बदलला तरी क्रमांक पूर्ण वेगळा येतो, त्यामुळे आज दिलेली फाइल आणि दोन वर्षांनी कोर्टात लावलेली फाइल तीच आहे हे पक्कं कळतं. पण हॅश तुम्हाला एवढंच सांगते. ती ज्या क्षणी काढली त्याच्या आधी काय झालं, मेसेज खरंच त्या माणसाने टाइप केला का, फाइल मुळातच बनावट होती का, याबद्दल ती गप्प असते. बनावट फाइलचीही हॅश व्यवस्थित येते आणि तिच्यावरही दोन सह्या होऊ शकतात. खऱ्या मेसेजवर सह्या नसतील तर तो बाहेर, आणि बनावटीवर असतील तर तो निदान आत येऊन बसतो.

प्रत्यक्षात काय चालतं ते कुठल्याही तालुका कोर्टाच्या बाहेर झेरॉक्सच्या दुकानात उभं राहिलं की दिसतं. चॅटचे स्क्रीनशॉट वकिलाच्या व्हॉट्सॲपवर पाठवलेले असतात, तिथून दुकानदाराच्या नंबरवर जातात, तो पैसे वाचावेत म्हणून ब्लॅक अँड व्हाइट प्रिंट मारतो. हिरवा बबल आणि पांढरा बबल दोन्ही सारखेच करडे, आता उजवीकडचं कोण आणि डावीकडचं कोण हे लक्षात ठेवून सांगावं लागतं. वरच्या पट्टीत नंबर नसतो, नाव असतं, ते नाव तर फोनवाल्याने स्वतः सेव्ह केलेलं. तारखेच्या जागी "आज" किंवा "काल" लिहिलेलं. आणि जे फोटो पुरावा म्हणून फिरवले ते व्हॉट्सॲपने दाबून लहान केले, कधी काढला, कुठे काढला ही आतली माहितीही सहसा त्यात गळून पडते, म्हणजे मूळ फोटोची हॅश आणि या फोटोची हॅश कधीच जुळणार नाही. यात त्या बाईचा काय दोष, तिला पहिल्या दिवशी कुणी सांगितलंच नाही की मूळ फोन तसाच ठेव, चॅट डिलीट करू नकोस, फोन बदलू नकोस, लागलं तर फोनच घेऊन कोर्टात उभी राहा. खरं तर हा मार्ग २०२० च्या निकालातच मोकळा ठेवलाय, मूळ यंत्र त्याच्या मालकाने स्वतः साक्षीत हजर केलं तर सर्टिफिकेटची गरज नाही. पण रोजचं काम, बँक, मुलांची शाळा सगळं ज्या फोनवर चालतं तो मुद्देमाल म्हणून किती दिवस जमा ठेवणार? एकच फोन असलेल्या माणसाला ही सोय म्हणजे अर्धी शिक्षाच आहे.

आता दुसऱ्या बाजूला बघा. सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२० मध्ये प्रत्येक पोलीस ठाण्यात सीसीटीव्ही लावा आणि रेकॉर्डिंग शक्यतो १८ महिने, निदान एक वर्ष ठेवा असा आदेश दिला. कोठडीत मार खाल्लेल्या माणसाने फुटेज मागितलं आणि "कॅमेरा बंद होता" असं उत्तर आलं तर त्याचा परिणाम पोलिसांवर व्हायला नको का? तिथे सर्टिफिकेट नाही म्हणून पुरावा बाद झाला तर नुकसान कुणाचं होतं, ज्याने फुटेज ठेवलं नाही त्याचं तर नक्कीच नाही. माझं म्हणणं आहे की ज्याच्या ताब्यात मशीन आहे आणि ज्याच्यावर ते सांभाळायची कायद्याने जबाबदारी आहे, त्याने रेकॉर्डिंग दिलं नाही तर कोर्टाने त्यात जे होतं ते त्याच्या विरुद्धच होतं असं धरावं. हे काही नवीन नाही, हातातला पुरावा दडवला तर तो आपल्या विरोधात जाईल असं अनुमान कोर्टाने काढावं ही तरतूद जुन्या कायद्यातही होती आणि नव्यातही आहे. ती वापरायची हिंमत पाहिजे.

जप्तीचंही तसंच. भीमा कोरेगाव प्रकरणात पुणे पोलिसांनी २०१८ मध्ये लॅपटॉप, हार्ड डिस्क ताब्यात घेतल्या, आणि २०२१ मध्ये अर्सेनल कन्सल्टिंग या अमेरिकन फॉरेन्सिक कंपनीने बचाव पक्षासाठी तपासणी करून अहवाल दिला की एका आरोपीच्या लॅपटॉपमध्ये मालवेअरच्या (घातक सॉफ्टवेअरच्या) मार्गाने बाहेरून फायली टाकल्या गेल्या होत्या. तपास यंत्रणेला हे मान्य नाही, आणि त्यात कोण बरोबर हे मी इथे ठरवणार नाही. पण एवढं तरी मान्य करूया की लॅपटॉपमध्ये फाइल सापडणं आणि ती त्या माणसाने ठेवलेली असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि सर्टिफिकेट यातल्या पहिल्या गोष्टीच्या पुढे जात नाही. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्यात) झडती आणि जप्तीचं व्हिडिओ रेकॉर्डिंग करणं आता सक्तीचं आहे, चांगली गोष्ट आहे, तर त्याच वेळी, पंचांसमोर, डिस्कची हॅश काढून पंचनाम्यात लिहा आणि तो कागद ज्याचा लॅपटॉप आहे त्याच्या हातात द्या. वर्षभराने लॅबमधून हॅश येते तेव्हा मधल्या वर्षाबद्दल ती काय सांगणार?

कुणी म्हणेल मग सर्टिफिकेट काढूनच टाका, ब्रिटनने काढलं तसं. नको. तिथे काय झालं तेही बघायला हवं. ब्रिटनमध्ये फौजदारी खटल्यात कॉम्प्युटर नीट चालत होता हे सिद्ध करायची अट होती, तीही १९९९ मध्ये रद्द केली आणि मशीन बरोबर आहे असंच गृहीत धरलं जायला लागलं. त्याच काळात तिथल्या पोस्ट ऑफिसांत होरायझन नावाची हिशेबाची सिस्टिम आली, तिने गल्ल्यात तूट दाखवली आणि ९०० हून जास्त पोस्टचालकांना चोरीसाठी, खोट्या हिशेबासाठी दोषी ठरवलं गेलं, काही तुरुंगात गेले, काहींनी घरं विकली, आणि चूक होती सॉफ्टवेअरमध्ये. २०२४ मध्ये तिथल्या संसदेला खास कायदा करून त्या शिक्षा रद्द कराव्या लागल्या. तिथेही मशीन होतं संस्थेच्या ताब्यात, लॉग होते संस्थेकडे, आणि चूक शोधून दाखवायचं ओझं होतं एकट्या पोस्टचालकावर. नियम आपल्यापेक्षा उलटा, पण भरडला गेला माणूस मात्र तोच, ज्याच्या हातात यंत्र नव्हतं.

म्हणून माझी मागणी अशी की सगळ्यांना एकच मोजमाप लावू नका. माणूस स्वतःच्या फोनमधलं, स्वतः ज्यात सहभागी होता ते संभाषण दाखवत असेल तर त्याचं साधं शपथपत्र आणि फोन तपासू द्यायची तयारी एवढ्यावर ते आत घ्या. मग समोरच्याला विचारा, हा मेसेज तुमचा नाही असं तुम्ही शपथेवर म्हणताय का, नंबर तुमचा नाही, की शब्द बदललेत, की अर्धं संभाषण गाळलंय? त्याने नेमकं काय ते सांगितलं तर मग तज्ज्ञ बोलवा, आणि समोरच्याचाही फोन मागवा, कारण व्हॉट्सॲपवर संभाषणाची दुसरी प्रत त्याच्याकडेच असते, कंपनीकडे नसते. नुसतं "नाकबूल" लिहून सुटायची सोय बंद झाली की निम्मे वाद तिथेच संपतील असं मला प्रामाणिकपणे वाटतं. कोर्टं हा व्यवहारीपणा दाखवू शकतात. मुंबई हायकोर्टाने २०१८ मध्ये व्हॉट्सॲपवर पाठवलेली पीडीएफ नोटीस पोचली आणि उघडली गेली हे व्हॉट्सॲपवरच्या टिकच्या खुणांवरून मान्य केलं होतं. २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने असंही म्हटलंय की खटल्यात कॉल रेकॉर्ड निशाणीवर (म्हणजे पुरावा म्हणून नोंदीवर) घेताना सर्टिफिकेटचा आक्षेप घेतला नाही तर तो नंतर अपिलात उकरून काढता येणार नाही, म्हणजे आक्षेप वेळेवर आणि नेमका घ्या हे तत्त्व आहेच. आणि उलट, पोलीस, टेलिकॉम कंपन्या, बँका, ज्यांच्याकडे माणसं आहेत, लॉग आहेत, त्यांच्याकडून दोन सह्या, हॅश, ताब्याची पूर्ण साखळी (वस्तू कधी कुणाच्या हातात होती याची नोंद) हे सगळं मागा, आणि त्यात ढिलाई अजिबात नको, कारण तिथे समोर आरोपी असतो आणि त्याचं स्वातंत्र्य पणाला लागलेलं असतं.

डीपफेकमुळे (एआयने बनवलेल्या नकली आवाज-व्हिडिओंमुळे) हे अजून निकडीचं झालंय. आवाजाची नक्कल करायला आता थोडंसं रेकॉर्डिंग पुरतं. यात खोटा पुरावा येईल ही भीती खरी आहेच, पण मला त्याहून जास्त भीती वाटते ती खऱ्या रेकॉर्डिंगला "हे एआयने बनवलंय" म्हणणाऱ्यांची. आवाजाचा नमुना द्यायला लावायचा अधिकार न्यायदंडाधिकाऱ्याला २०१९ च्या निकालाने मिळाला आणि आता संहितेतही आलाय, तो अशा वेळी वापरायला हवा. जो नुसता संशय उडवतो त्याने नमुना द्यावा.

चोरून केलेल्या रेकॉर्डिंगबद्दल बोलल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. जुलै २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने घटस्फोटाच्या दाव्यात नवऱ्याने बायकोचे गुपचूप रेकॉर्ड केलेले कॉल पुरावा म्हणून मान्य केले, हायकोर्टाने ते खासगीपणाचा भंग म्हणून नाकारले होते. अनेकांना हा निकाल खटकला. मला तो अर्धा पटतो. बंद दाराआड जे घडतं त्याला दुसरा साक्षीदार नसतो, छळ होणाऱ्या बाईकडे रेकॉर्डिंग सोडून काय असतं, तिच्यासाठी हे दार उघडं पाहिजेच. पण स्वतःशी झालेलं बोलणं रेकॉर्ड करणं वेगळं आणि बायकोच्या फोनमध्ये हेरगिरीचं ॲप टाकून तिचं आईशी, बहिणीशी, वकिलाशी झालेलं बोलणं उचलणं वेगळं. पुरावा कसा मिळवला याने तो बाद होत नाही ही आपल्याकडची मलकानींच्या वेळेपासूनची रीत आहे, तेव्हा फोन भिंतीला टांगलेला असायचा. आज फोन उघडला की माणसाचं अख्खं आयुष्य समोर येतं. दुसऱ्याच्या यंत्रात घुसून मिळवलेला पुरावा खासगी वादात घेऊच नये, आणि ज्याने घुसखोरी केली त्याच्यावर आयटी कायद्याखाली वेगळी कारवाई व्हावी, असं मला वाटतं.

जालन्याच्याच निकालात सुप्रीम कोर्टाने न्यायमूर्तींच्या समितीने तयार केलेल्या एका मसुद्याचा उल्लेख केला होता, इलेक्ट्रॉनिक पुरावा कसा घ्यायचा, तपासायचा आणि जपायचा याचे नियम, आणि संबंधितांनी तो कायद्याच्या ताकदीने लागू करायचा विचार करावा असं सांगितलं होतं. नवा साक्ष्य अधिनियम त्यानंतर आला, नमुना आला, दोन सह्या आल्या. ज्या बाईकडे सहीला तज्ज्ञ नाही तिच्यासाठी जिल्हा न्यायालयातच एक खिडकी उघडा, विधी सेवा प्राधिकरणाचा एक प्रशिक्षित माणूस तिथे बसवा, तो फोन तिच्यासमोर जोडेल, चॅटची पूर्ण प्रत काढेल, हॅश लिहील, भाग ब वर सही करेल आणि फोन तासाभरात तिला परत देईल.